‘जोडणीचे अमूर्तीकरण’ की ‘जोडणी लपवणे’?

जळगावच्या एका संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारले आहे की, रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंगवरील (उत्तराची वाट पाहत न थांबता, ते येईल तेव्हा त्यावर काम करणाऱ्या प्रोग्रॅमिंगवरील) मराठी टिपणांत वेब क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हरला विनंत्या पाठवणाऱ्या घटकाच्या, ‘कनेक्शन ॲब्स्ट्रॅक्शन’ला ‘जोडणीचे अमूर्तीकरण’ म्हणावे की ‘जोडणी लपवणे’.

तत्त्वाचे नाव म्हणून ‘अमूर्तीकरण’ ठेवावे; ‘लपवणे’ मात्र टाळावे, कारण येथे काहीच लपवलेले नसते. स्प्रिंग या जावा भाषेतील सॉफ्टवेअर-चौकटीच्या पाचव्या आवृत्तीत, २०१७ साली, आलेला वेबक्लायंट पाहा. कोणत्या पत्त्यावर कोणती विनंती पाठवायची आणि आलेल्या उत्तराचे काय करायचे, एवढेच आपण त्याला सांगतो. प्रत्यक्ष जोडणीचे काम ‘क्लायंट-एचटीटीपी-कनेक्टर’ या इंटरफेसमागे (काय करायचे ते सांगणाऱ्या, पण कसे ते न सांगणाऱ्या करारामागे) राहते, आणि तेथे रिॲक्टर नेटी, जेटी या लायब्ररी किंवा जावाचा स्वतःचा एचटीटीपी क्लायंट यांपैकी काय बसवायचे ते आपणच ठरवू शकतो. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला ट्रकने जावोत की रेल्वेने, बागेतली लागवड त्यामुळे बदलत नाही, पण वाहन कोणते हे बागाईतदारापासून कोणी लपवतही नाही. म्हणून व्याख्येत ‘अमूर्तीकरण’ लिहून लगेच ‘म्हणजे जोडणीचा तपशील वेगळा काढणे’ असे क्रियापदाने सांगावे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ते अधिक जवळचे वाटेल.

याहून जास्त काळजी क्रियापदाच्या काळाची घ्यावी, असे मला मनापासून वाटते. या कनेक्टरची ‘कनेक्ट’ ही मेथड बोलावली की ‘जोडणी झाली’ असे टिपणांत सर्रास लिहिले जाते, पण ती मेथड ‘मोनो’ परत करते, म्हणजे पुढे मिळू शकणाऱ्या उत्तराची नुसती मांडणी. कोणी ‘सबस्क्राइब’ करेपर्यंत, म्हणजे ते उत्तर प्रत्यक्ष मागेपर्यंत, विनंती निघतच नाही. तेथे ‘जोडणी ठरवली’ असे लिहावे आणि ‘जोडणी झाली’ हा भूतकाळ सबस्क्राइबनंतरच्या टप्प्यासाठी राखावा.

‘कनेक्टर’ला ‘जोडक’ चालेल; ‘संयोजक’ नको, कारण तो शब्द सभा-संमेलनांनी घेतलेला आहे.

‘कनेक्शन पूल’ (पुन्हा वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या जोडण्या) यामधील ‘पूल’ मात्र देवनागरीत तसाच ठेवू नये. मराठी वाचक तो नदीवरचा पूल समजतो, आणि विषय जोडणीचाच असल्याने तो चुकीचा अर्थ वाक्यात चपखल बसतो व चूक उमगतच नाही. तेथे ‘जोडण्यांचा साठा’ म्हणावे. ‘रिॲक्टर नेटीच्या साठ्यात मुळात कमाल ५०० सक्रिय जोडण्यांची मर्यादा असते’ या वाक्यात पुलाचा भास उरत नाही.