व्याज आणि पगार यांच्यामध्ये अडकलेल्यांसाठी

हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे १४,००० रुपये पगार, खासगी सावकाराचे शेकडा पाच दराने घेतलेले ४०,००० रुपये आणि मोबाइलचा हप्ता. हे सगळे फेडण्यासाठी ॲपवरून आणखी एक कर्ज घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, कारण याच वाटेने मी चार वर्षे चाललो आहे.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला २,००० आणि वर्षाला साठ टक्के. वीस महिन्यांत आपण ४०,००० रुपये देता आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. माझा सावकार पगाराच्या दिवशी गेटबाहेर स्कूटरवर बसून असे आणि घेतलेली रक्कम जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिही. पावती त्याने एकदाही दिली नाही. म्हणून आजपासून प्रत्येक रक्कम तारखेसह स्वतःच्या वहीत लिहा आणि शक्यतो यूपीआयनेच द्या, म्हणजे पुरावा राहील.

हेच ४०,००० आपल्याला पतसंस्थेतून, बचत गटातून किंवा घरातले सोने बँकेत तारण ठेवून शेकडा एकने मिळाले, तर तेच २,००० रुपये दरमहा भरून साधारण २३ महिन्यांत कर्ज संपते. आपली काटकसर कमी पडते आहे असे मला मुळीच वाटत नाही. इतक्या पगारात काटायला उरतेच काय? कमी करायचा आहे तो व्याजाचा दर. मी पत्नीच्या बांगड्या तारण ठेवल्या तेव्हा मला फार लाज वाटली होती, पण आज तो निर्णय योग्य होता असेच म्हणेन.

सावकाराकडे परवाना आहे का, हे जरूर तपासा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा नियमही ध्यानात ठेवा. वहीतल्या नोंदी इथे कामी येतात. मात्र तक्रारीआधी घरच्यांना विश्वासात घ्या, कारण दबाव सर्वप्रथम त्यांच्यावर येतो.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नका. दोन महिने मी हातातला प्रत्येक रुपया कर्जात घातला आणि मुलाला ताप आला त्या रात्री पुन्हा त्याच सावकाराच्या दारात उभा राहिलो. त्यामुळे फेडीची गती थोडी कमी झाली तरी चालेल, पण महिन्याला दोनशे-तीनशे रुपये पोस्टाच्या खात्यात बाजूला टाका. भिशी लावली असेल तर ती आजारपणासाठी राखा, सणासाठी नको.

मोबाइलचा हप्ता चालू द्या. सावकाराला आजवर किती रक्कम दिली, हे कळवल्यास पुढचा हिशेब आपण सोबत मांडू.