'लेकी बोले सुने लागे' : म्हण कुठे बसते, कुठे नाही

प्रश्न असा आहे : एका नेत्याने भर सभेत विरोधकाकडे बघून "आपण फारच कर्तबगार बुवा!" असं म्हटलं आणि बातमीत त्याचं वर्णन 'लेकी बोले सुने लागे' असं आलं. हा वापर बरोबर आहे का? आणि ही म्हण, टोमणा, अन्योक्ती हे सगळं एकच का?

वापर चुकला आहे. हा सरळ टोमणा झाला, कारण ज्याच्याशी बोलणं चाललंय त्यालाच ते बोचतंय. म्हणीला तीन माणसं लागतात : बोलणारी, जिच्याशी ती बोलते ती लेक, आणि जिला लागतं ती सून. 'लेकी' म्हणजे लेकीला, 'सुने' म्हणजे सुनेला. पुढे 'ला' न लावता अशी रूपं जुन्या मराठीत चालत. 'लागे' हे मनाला लागण्यातलं.

समजा, माहेरपणाला आलेल्या लेकीला आई म्हणते, "बाई गं, गॅसवर दूध ठेवलं की हातात मोबाईल घेऊ नये." लेक बाहेर बसून लेकराला भरवतेय, तिचा दुधाशी काही संबंध नाही. ओट्याशी सून उभी आहे आणि दूध नुकतंच उतू गेलंय. वाक्यात खोटं काही नाही, कुणाचं नावही नाही. सून "मी मोबाईल बघत नव्हते" म्हणाली, की "तुला कोण काय म्हणालं? मी हिला सांगतेय" हे उत्तर तयारच असतं. तोंड उघडलं की रोख आपल्यावर आहे हे आपणच कबूल केल्यासारखं, आणि गप्प बसलं तर ऐकून घेतल्यासारखं. ही कोंडी हाच या म्हणीचा जीव आहे, आणि टोमण्यात ती नसते. टोमण्याला निदान उलट टोमणा मारता येतो.

त्या वाक्यातलं 'घेऊ नये' मुद्दाम बघा. 'घेऊ नकोस' म्हटलं की 'तू' आलीच. 'करू नये', 'एखादीला वाटेल', 'काही जणांना सवयच असते' या रचनांत कर्ता गुलदस्त्यात राहतो. आडून बोलायची ही सोय मराठीच्या व्याकरणातच आहे आणि आपल्या घरांनी ती पुरेपूर वापरली आहे.

अन्योक्ती मात्र साहित्यातली. कवी हत्तीशी, चातकाशी, कावळ्याशी बोलतो आणि रोख माणसांकडे असतो. संस्कृतात जगन्नाथ पंडिताच्या 'भामिनीविलासा'त, मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे त्या भेटतात. म्हणीशी तिचं नातं आहे खरं, पण तो हत्ती काही समोर बसून ऐकत नसतो. शिवाय बाण बहुतेकदा एका माणसावर नसून एका वृत्तीवर असतो.

आडून बोलण्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण आपल्या गोदाकाठचं आहे, सातवाहन राजा हालाच्या 'गाथासप्तशती' या गाथासंग्रहातलं, महाराष्ट्री प्राकृतातलं. 'भम धम्मिअ वीसत्थो' अशी सुरुवात. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते : बाबा, आता निर्धास्त फिर. त्या कुत्र्याला आज गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारलं. शब्द 'फिर' म्हणतात. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाईल का? टीकाकार उलगडून सांगतात की तिची प्रियकराला भेटायची जागा तीच, आणि हा तिथे येऊन अडचण करतो. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने 'ध्वन्यालोका'त ध्वनी, म्हणजे शब्दांपलीकडे सुचवला जाणारा अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली : वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) 'फिर', व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) 'फिरू नकोस'. इथे माणसं दोनच, म्हणून आपली म्हण लागत नाही. बोचत काही नाही, म्हणून टोमणाही नाही. ही शुद्ध व्यंजना, साध्या मराठीत सूचक बोलणं.

'दिवा वाढव', 'बांगडी वाढवली', रात्री सापाला 'लांबडं' म्हणणं, हेही काही जण याच खात्यात टाकतात. तिथे फक्त अशुभ शब्द टाळायचा असतो. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, रोख कुणावरच नसतो.

तेव्हा त्या बातमीत 'खोचक टोला' किंवा 'उपरोध' शोभलं असतं. त्याच नेत्याने, व्यासपीठावर मित्रपक्षाचा पुढारी बसलेला असताना, स्वतःच्याच कार्यकर्त्यांना "पद मिळालं म्हणून जुने उपकार विसरू नयेत" असं बजावलं असतं, तर म्हण चपखल बसली असती.