वाचकांचे प्रश्न : मुलांच्या मापाची इलेक्ट्रिक गिटार

प्रश्न : मुलगी यंदा तिसरीत गेली. तिला दिवाळीत हाताने बनवलेली इलेक्ट्रिक गिटार द्यायची आहे. सुतारकाम बऱ्यापैकी येते, वायरिंग अजिबात नाही. घरी जुन्या दाराची सागाची फळी आहे आणि मे महिन्यात वादळात पडलेला फणस कापून ठेवला आहे. मोठ्या गिटारची मापे निम्मी करून चालेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : निम्मी करू नका. मोठ्या गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) घोडीपर्यंतचे (बॉडीवरचा तारांचा आधार) अंतर, म्हणजे स्केल, साधारण ६४८ मिलिमीटर असते. सूर तोच ठेवला तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. लांबी निम्मी केली की ताण पावच उरतो आणि तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) नुसती फडफडते. आठ वर्षांच्या मुलीला ५६० मिलिमीटरचे स्केल बरे पडेल. त्यावर ताण पाऊण राहतो, म्हणून तारांचा संच ११ चा घ्या (०.०११ ते ०.०४९ इंच). बोटांना तो मोठ्या गिटारवरच्या ९ च्या संचाइतकाच लागतो. नटपाशी मान ४० मिलिमीटर रुंद, पहिल्या फ्रेटपाशी १९ ते २० जाड. बॉडी ३५ मिलिमीटर जाडीची पुरते. सगळे मिळून वजन अडीच किलोच्या आत ठेवा, नाहीतर पट्टा गळ्यात घालून पोर दहा मिनिटांत कंटाळते.

फणसाचे लाकूड उत्तम, पण ते यंदाच्या दिवाळीला नाही. इंचभर जाडीची फळीसुद्धा पट्ट्या घालून हवेशीर रचली तरी वाळायला वर्ष घेते, आणि त्यात आपला चार महिन्यांचा पाऊस. फळीचे वजन दर पंधरा दिवसांनी करून लिहून ठेवा; भर उन्हाळ्यातही वजन उतरायचे थांबले की ती वाळली. तोवर दाराचा साग वापरा. रंधा मारण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे हमखास असतात. सागाला अंगचे तेल असते, म्हणून जिथे गोंद लागणार तो भाग ताजा रंधून थिनरने पुसा आणि लगेच चिकटवा. किडीची जुनी भोके दिसली म्हणून फळी टाकू नका, कीड जिवंत नाही एवढे बघा. ब्रायन मे आणि त्यांच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची होती आणि त्यातली किडीची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली होती. ती गिटार पुढे जगभरच्या मंचांवर वाजली.

मान मात्र पहिल्या खेपेला तयार घ्या. सहा तारांचा ताण जवळपास ४० किलो भरतो, त्याला मानेत ट्रस रॉड (ताण पेलणारी पोलादी कांब) लागतो, आणि फ्रेट एका पातळीत आणणे हे वेगळेच कसब आहे. बॉडी, जोड आणि वायरिंग हाताने केले तरी भेट हाताचीच. मान आली की तिचे स्केल स्वतः मोजा : नटपासून १२ व्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर दुप्पट करा. दुकानदार सांगेल त्यावर घोडीची जागा ठरवू नका.

कामाचा क्रम असा. आधी बॉडीत मानेचा खाचा, साधारण १६ मिलिमीटर खोल. मान हाताने दाबून बसावी, खुळखुळू नये. मग मान चार स्क्रूंनी जोडा. बॉडीतली भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी, मानेतली स्क्रूपेक्षा लहान. दोन्हीकडे सारखी पाडली तर स्क्रू बॉडीतही आटे धरतो आणि कितीही पिळला तरी मधली फट मिटत नाही. सागात भोक न पाडता स्क्रू घातला तर फळी चिरते. स्क्रूला साबण लावा.

घोडीची भोके इतक्यात पाडायची नाहीत. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे घोडीपर्यंत ताणा आणि घोडी डावी-उजवीकडे सरकवत राहा. मानेच्या दोन्ही कडांपासून दोरे शेवटच्या फ्रेटपर्यंत सारख्याच अंतरावर राहिले पाहिजेत. बारीक तारेचे सॅडल (घोडीवरचा मागे-पुढे सरकणारा टेकू) जवळजवळ पूर्ण पुढे असताना नटपासून बरोबर ५६० वर यावे, कारण जाड तारांची सॅडल नंतर २ ते ४ मिलिमीटर मागेच न्यावी लागतात. या एका मापात चूक झाली तर गिटार कायमची बेसूर. बाकीच्या बहुतेक चुका दुरुस्त होतात. मापे मिलिमीटरमध्येच घ्या, सूत-इंचाचा हिशेब इथे पुरत नाही.

पॉलिश पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करा. दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढुरके पडते. जवसाचे तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मग फेका.

आता वायरिंग. पहिल्या गिटारला एक सिंगल कॉइल पिकअप (एकाच गुंडाळीचा, तारेचा आवाज पकडणारा भाग) आणि २५० किलोओहमचा एक व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करणारे बटण) बस्स. टोनचे बटण या वयात नुसते फिरवायला होते. पॉट उलटा, पाय तुमच्याकडे करून धरा. पिकअपची गरम, म्हणजे सिग्नलची, वायर डाव्या पायाला जाते, मधल्या पायावरून जॅकच्या (अँपची केबल खुपसतात तो) टोकाच्या पायाला, आणि उजवा पाय वाकवून पॉटच्या पाठीवर डाग द्या. डावे-उजवे उलटले तरी बिघडत काही नाही, पण पॉट पूर्ण बंद केला की आवाज मोठा होतो. पिकअपची दुसरी वायर, जॅकचा बाहेरचा पाय आणि घोडीखालून आणलेली वायर या तिन्ही पॉटच्या पाठीवर एकत्र. त्या पाठीला डाग धरत नाही ही नवख्यांची नेहमीची तक्रार. कारण एवढेच, की २५ वॉटच्या सोल्डरिंग गनने तेवढे धातू तापतच नाही. पाठ कानशीने खरवडा, ६० वॉटची गन घ्या, आधी धातू तापवा आणि मग सोल्डर लावा. डाग चकचकीत दिसला पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसला तर पुन्हा द्या. व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकच्या दोन पायांमध्ये मल्टिमीटर लावा. ५ ते ८ किलोओहम आले तर ठीक. शून्य आले तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच दाखवले नाही तर वायर तुटली आहे. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते, मुलीला तो हाताळू देऊ नका आणि स्वतः हात धुऊनच जेवा.

प्रश्न : मान घरीच केली. फ्रेटची अंतरे सूत्राने काढली, तरी वरच्या फ्रेटवर सूर बिघडतात. घोडी सरकवूनही जमत नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोनांपैकी एक झाले असणार. जुन्या सूत्रात उरलेली लांबी दर वेळी १८ ने भागतात. भागायचे १७.८१७ ने. फरक क्षुल्लक दिसतो, पण ५६० च्या स्केलवर १८ ने भागत गेलात तर १२ वा फ्रेट २८० ऐवजी २७८ वर पडतो. दुसरी शक्यता, प्रत्येक खाच आधीच्या खाचेपासून मोजली. मग अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते. सगळी अंतरे नटपासूनच मोजा : ५६० साठी पहिला फ्रेट ३१.४, दुसरा ६१.१, तिसरा ८९.१, पाचवा १४०.५, सातवा १८६.२, बारावा २८०. संगणकावरून छापलेला नकाशा चिकटवला असेल तर त्यावर पट्टी ठेवून बघा, प्रिंटर कागदात बसवायला चित्र आक्रसवतो. चुकलेल्या खाचा शिसवीची पट्टी आणि गोंद भरून बुजवता येतात, पण तिथे लगेच शेजारी नवी खाच करवतीला पकडत नाही. नवी फिंगरबोर्ड (फ्रेट बसतात ती) पट्टी लावणे सोपे.

प्रश्न : मुलाच्या गिटारला गुंईऽऽ आवाज येतो, तारेला हात लावला की कमी होतो. कधी बोटांना झिणझिण्याही येतात.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : झिणझिण्या येत असतील तर वाजवणे आजच थांबवा, आवाजाचे नंतर बघू. गिटारच्या तारा घोडीमार्गे अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलेले असेल, थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकली असेल किंवा अँपमध्ये गळती असेल, तर तो प्रवाह थेट मुलाच्या हातात येतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला हवे. अँप दुरुस्त होईपर्यंत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अँप द्या, चार्जरला न लावता. लहान मुलाला तोच बरा, घरचेही त्यामुळे शांत.

हात लावल्यावर आवाज कमी होतो याचा अर्थ घोडीची वायर शाबूत आहे. पिकअप आणि पॉटचे खड्डे आतून तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा आणि ती पट्टी पॉटच्या पाठीला जोडा. हात लावल्यावर आवाज वाढत असता तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्या असत्या. पंख्याचा रेग्युलेटर आणि एलईडी डिमर यांच्यापासून दूर बसवून बघा, सिंगल कॉइल त्यांचा आवाज पकडतेच.

प्रश्न : समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. तारा पंधरा दिवसांत गंजतात, जॅक करकरतो.
– एक वाचक, मालवण

उत्तर : वाजवून झाले की तारा वरून आणि खालूनही सुक्या सुती फडक्याने पुसा. लेप दिलेल्या तारा महाग, पण खाऱ्या हवेत त्याच परवडतात. स्क्रू स्टेनलेसचे घाला. जॅक आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लिनर मारा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल नको, त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, पिशवीत सिलिका जेल ठेवून आतल्या कपाटात ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फिंगरबोर्ड आकसते आणि फ्रेटची टोके कडेला टोचू लागतात. बारीक कानशीने ती तिरकी घासा, मुलांची बोटे तिथेच सोलतात.

प्रश्न : बोटे दुखतात म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या, आवाजच येत नाही.
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : येणार नाही. पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याची गुंडाळी असते आणि तिच्यावर लोखंडी तार हलली तरच वीज निर्माण होते. स्टीलच्याच तारा परत लावा आणि १२ व्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. ती १.५ ते २ मिलिमीटर असायला हवी, मुलांच्या गिटारवर बहुधा ३ च्या वर निघते. आधी नटच्या खाचा बघा : तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसभर फट उरावी, जास्त असेल तर खाच थोडी थोडी खोल करा. मग सॅडलचे स्क्रू फिरवून तारा खाली आणा.