पोट शनिवारीच का दुखतं?

“मॅडम, मुलगी क्लबला जायला कुरकुर करते. सोडून द्यावं की रेटून पाठवावं?” उन्हाळी शिबिरं सुरू झाली की हा प्रश्न येतोच. हल्ली मी आधी एक केस सांगते, ओळखीचे तपशील बदलून.

13 वर्षांची, बॅडमिंटन खेळणारी मुलगी. वडील म्हणाले, “पोटदुखीचं नाटक आहे. तपासण्या केल्या, काही निघालं नाही. तिला राज्य पातळीवर जायलाच हवं.” मी विवेकनिष्ठ विचारसरणीची समुपदेशक, म्हणजे ‘हवंच’सारखे हट्टी आग्रह तपासून बघणारी. माणसांच्या बोलण्यातला ‘च’ मला लगेच टोचतो. त्या ‘च’वर मी दोन सत्रं घालवली. चुकीच्या ‘च’वर.

तिसऱ्या भेटीत आई सहज बोलून गेली, “दुखतं ते शनिवारीच.”

मग मी मुलीला एकटीला भेटले.

“शनिवारी सर जास्त रागावतात?”

“नाही. माझ्यावर सर कधीच रागावत नाहीत. बाकीच्यांवर ओरडतात.”

मी गप्प राहिले. (हे जमायला मला 15 वर्षं लागली.)

“रॅकेटपण सरांनी दिलीय. घरी सांगायचं, क्लबनं दिली.”

मग एकेक निघत गेलं. रात्रीचे मेसेज, वाचून पुसायचे. सगळे गेल्यावर ‘खास सराव’. दार लावून खांद्याची मालिश. ती रडली नाही. म्हणाली, “पण रॅकेट मी घेतली ना. म्हणजे चूक माझीपण.”

“देणारा मोठा माणूस होता. घरी खोटं सांग म्हणणाराही तोच.”

बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आईला तुम्ही सांगाल?”

पालक कडक प्रशिक्षकाला घाबरतात. इथे धोका लाडातून आला होता. मनगट धरल्याशिवाय ग्रिप शिकवता येत नाही, तेव्हा नुसत्या स्पर्शावरून काही ठरत नाही. मी गुपित शोधते. ‘घरी सांगू नकोस’ हे वाक्य कुठल्याच खेळाच्या सरावात बसत नाही. क्लबला बेधडक विचारा: एकट्या मुलाचा सराव उघड्यावर होतो का? मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच जातात ना? दौऱ्यावर मुलींसोबत बाई असतात का? प्रश्नांनी चिडणारा क्लब मी तरी टाळेन.

वडिलांना बदनामीची धास्ती होती. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मलाही. ‘तुला कुणी इजा करत असेल तर ते मी लपवणार नाही’, हे मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते. मुलीचा जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात, तिची ओळख उघड करता येत नाही, हे ऐकल्यावर वडील उठले. पोलिसांत जायचा धीर होत नसेल, तर मदतीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

रॅकेट पोलिसांकडे जमा आहे. वडिलांनी नवी घेतलीय. ती शनिवारी खेळते का, हे मी अजून विचारलेलं नाही.