नाव घ्यावे आणि दामही द्यावा : वाचकांचे संगीतविषयक प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सभागृहात महिन्यातून एकदा आम्ही काही रसिक जमून ध्वनिमुद्रिका ऐकतो. पूर्वी ही श्रवणसत्रे ख्यालाची आणि नाट्यसंगीताची असत. अलीकडे मी त्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांचे ब्लूज, जॅझ आणि सोल, तसेच मोठ्या कंपन्यांशी करार नसलेल्या आजच्या स्वतंत्र कलावंतांचे संगीत ऐकवू लागलो आहे. काही ज्येष्ठ सभासद विचारतात की, या संगीताचा पुण्याशी काय संबंध, आणि त्याचा प्रसार करणारे आपण कोण? मला हे संगीत मनापासून प्रिय आहे, पण नीट उत्तर देता येत नाही.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पुण्याशी असलेला संबंध दाखवायला फार दूर जावे लागत नाही. 1873 साली पुण्यात प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीराव फुले यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा त्याच अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. ड्युबॉइस यांनी त्या पत्राला उत्तरही दिले. 1972 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथर या अमेरिकी संघटनेवरून घेतले. ज्या समाजाच्या लढ्याकडे महाराष्ट्र जवळजवळ शंभर वर्षे डोळे लावून बसला होता, त्या समाजाचे गाणे मात्र आपण ऐकू नये, हे मला पटत नाही.

शिवाय हे संगीत आपल्या कानांना वाटते तितके परके नाही. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय कलावंत वाजवत होते. त्यांना प्रत्यक्ष ऐकून आणि परदेशी तबकड्यांवरून जॅझ शिकलेले गोव्याचे अनेक वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांना ‘अलबेला’च्या (1951) संगीतात साथ देणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकीच एक होते. आपल्या ज्येष्ठ सभासदांना त्या चित्रपटातली गाणी पाठ असतील, तर त्यांनी या संगीतावर तरुणपणापासून प्रेम केले आहे. फक्त ते कोणाकडून आले हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

हे सांगण्याचे काम आपल्यासारख्यांचे आहे, आणि ते कसे करावे याबद्दल माझे मत ठाम आहे. कलावंताचे नाव, गाव आणि त्याच्या वाट्याला काय आले याचा हिशेब सांगितल्याशिवाय तबकडी लावू नये. 1920 साली मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी गायलेल्या ब्लूजच्या तबकडीचा मोठा खप झाला, तेव्हा कृष्णवर्णीय लोकही तबकड्या विकत घेतात हे कंपन्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या याद्या काढल्या. गाणारे कृष्णवर्णीय होते, विकत घेणारेही बहुतांशी कृष्णवर्णीय होते, पण नफा मात्र गोऱ्या मालकांचा होता. बेसी स्मिथ यांनी 1923 पासून कोलंबिया कंपनीसाठी गायिलेल्या तबकड्या प्रचंड खपल्या, तरी त्यांना ठरलेली एकरकमी बिदागी मिळे. विक्रीवर रॉयल्टी मिळत नसे. 1937 साली मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, आणि पुढची 33 वर्षे त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. 1970 साली गायिका जॅनिस जॉप्लिन आणि वॉनिटा ग्रीन यांनी आपल्या पैशांतून तो बसवला. बेसी स्मिथ यांचा तो भारदस्त, प्रत्येक शब्दावर पूर्ण वजन टाकणारा आवाज ऐकवण्याआधी श्रोत्यांना हे ठाऊक असले पाहिजे. ते कळल्यावर गाणे अधिक खोल जाते, असा माझा अनुभव आहे.

स्वतंत्र कलावंतांचा विषयही याच इतिहासातून समजतो. स्वतःची कंपनी असल्याशिवाय स्वतःचे गाणे हाती राहत नाही, हे कृष्णवर्णीय कलावंतांना आणि व्यावसायिकांना फार लवकर उमगले होते. हॅरी पेस यांनी 1921 साली न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक स्वान’ ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची ध्वनिमुद्रण कंपनी सुरू केली, आणि तिच्या संचालक मंडळात वर उल्लेखिलेले ड्युबॉइस होते. एथेल वॉटर्स यांच्या गाण्यांनी तिला यश मिळवून दिले, परंतु मोठ्या कंपन्यांची स्पर्धा आणि नव्याने आलेला रेडिओ यांच्यापुढे तिचा टिकाव लागला नाही आणि 1924 साली तिच्या ध्वनिमुद्रिका पॅरामाउंट कंपनीकडे गेल्या. 1959 साली बेरी गॉर्डी यांनी कुटुंबाच्या सामाईक बचतीतून 800 डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये जी कंपनी काढली, तीच पुढे ‘मोटाउन’ म्हणून जगभर गाजली. आज घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करून आपले गाणे आपणच प्रकाशित करणारा कलावंत याच प्रयत्नांचा वारस आहे, आणि म्हणून आपल्या सत्रात बेसी स्मिथ यांच्या शेजारी त्याला जागा देणे मला अगदी योग्य वाटते.

एक व्यवहाराची गोष्ट. निवासी संकुलाच्या सामाईक सभागृहात केवळ रहिवाशांसाठी ध्वनिमुद्रिका ऐकवण्यास प्रताधिकार कायद्याच्या कलम 52ने सूट दिलेली आहे. बाहेरच्या श्रोत्यांना बोलावायचे असेल किंवा तिकीट लावायचे असेल, तर मात्र हक्कधारकांच्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागेल. स्वतंत्र कलावंताचे गाणे लावायचे असेल, तेव्हा त्याला थेट ईमेल पाठवून लेखी परवानगी मागावी. पुण्यात आपले गाणे लक्षपूर्वक ऐकले जात आहे, हे त्याला कळणे हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. स्वतंत्र कलावंतांची गाणी मोबाइलवर रोज ऐकते आणि मैत्रिणींनाही पाठवते. यातून त्या कलावंतांना खरोखर काही मिळते का?
— एक वाचिका, सहकारनगर, पुणे

उत्तर : फार थोडे मिळते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तुम्ही भरलेली मासिक वर्गणी तुम्ही ऐकलेल्या कलावंतांनाच जाते, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये तसे होत नाही. सगळ्यांच्या वर्गण्या आणि जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून, सेवेचा वाटा वजा झाल्यावर, उरलेली रक्कम एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे तुम्ही महिनाभर एकाच अनोळखी गायिकेला ऐकले, तरी तुमच्या पैशांतला मोठा भाग ज्यांची गाणी कोट्यवधी वेळा वाजतात त्यांच्याकडे वळतो. स्पॉटिफायने तर 2024 पासून, मागच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या हक्काची रॉयल्टी देणे बंद केले आहे. नवोदित कलावंतांसाठी हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

म्हणून ज्याचे गाणे मनात घर करून राहिले, त्याचे ते विकत घ्यावे. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर डिजिटल गाण्याच्या विक्रीतून साधारण 15 टक्के आणि तबकडी, कॅसेट किंवा कपड्यांच्या विक्रीतून 10 टक्के इतका वाटा संकेतस्थळ घेते. पैसे देण्याघेण्याचे शुल्क वगळता बाकीचे कलावंताला किंवा त्याच्या छोट्या कंपनीला मिळतात. करोनाच्या काळात, मार्च 2020 पासून, ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देण्याची प्रथाही त्यांनी सुरू केली. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बहुधा बंद असेल. ती बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावी लागते. महिन्याला एक अल्बम घेण्याइतके पैसे बाजूला काढता आले, तर नुसत्या ऐकण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

मैत्रिणींना गाणे पाठवणे अवश्य चालू ठेवा, पण कापलेला तुकडा पाठवू नका. गायिकेचे नाव, ती कुठली आणि तिचे गाणे कुठे विकत मिळेल, हे दोन ओळींत सोबत लिहा. 1902 साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत, कारण तबकडी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात तयार होई आणि तिथल्या कामगारांना लेबलवर योग्य नाव छापता यावे लागे. आज हे काम ऐकणाऱ्याने करायला हवे.

प्रश्न : मी मराठीत रॅप लिहितो. कृष्णवर्णीय कलावंत माझे आदर्श आहेत. मात्र आम्ही केवळ त्यांची नक्कल करतो, असे लोक म्हणतात. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये?
— एक वाचक, येरवडा, पुणे

उत्तर : त्यांची शिस्त आणि धिटाई घ्या. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, जमैकात जन्मलेल्या कूल हर्क यांनी बहिणीने आयोजित केलेल्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. लोक गाण्याच्या ज्या भागावर सर्वाधिक नाचतात तो नुसत्या तालाचा भाग, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवून, लांबवता येतो हे त्यांनी दाखवले. महामार्गाने दुभंगलेल्या आणि सरकारने वाऱ्यावर सोडलेल्या त्या वस्तीतल्या मुलांनी हाती होते तेवढ्या साधनांतून, रॅप जिचा भाग आहे ती हिप-हॉप ही कला उभी केली, आणि आपल्या गल्लीचे नाव घेऊन गायला ती मुले लाजली नाहीत. तुम्हीही येरवड्याचे नाव घ्या.

त्या समाजाला शतकानुशतके हिणवण्यासाठी वापरलेली शिवी मात्र तुमच्या ओळींत येऊ देऊ नका. ती त्यांची जखम आहे, आणि तिचे काय करायचे हे तेच ठरवतील. त्यांच्या उच्चाराची लकबही उचलण्याची गरज नाही. तुमच्या मागे सत्यशोधक जलसे आहेत, आंबेडकरी जलसे आहेत, गावोगाव फिरून हजारो गीते गाणारे वामनदादा कर्डक आहेत. बोलीतली ओळ तालात कशी बसवावी आणि श्रोत्याला कडव्याच्या शेवटी कसे पकडावे, हे त्यांच्याकडून जेवढे शिकता येईल तेवढे दुसरीकडे क्वचितच मिळेल.

इंटरनेटवरून मोफत उतरवलेला बीट, म्हणजे रॅपच्या साथीचे तयार संगीत, बहुधा केवळ अव्यावसायिक वापरासाठी असतो, तेव्हा गाणे विकण्यापूर्वी त्याचा परवाना विकत घ्या आणि बीट करणाऱ्याचे नाव गाण्यासोबत द्या. एखाद्या कंपनीने तुमच्यापुढे करार ठेवलाच, तर 2012 साली दुरुस्त झालेला प्रताधिकार कायदा लक्षात असू द्या. गीतकार आणि संगीतकार म्हणून तुमचा रॉयल्टीतला समान वाटा तुम्हाला सही करूनही सोडून देता येत नाही. तशी अट लिहिलेली असली तरी ती निरर्थक ठरते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. या दोन्ही जागा करारात कशा भरल्या आहेत हे सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा, आणि सही झाल्यावर कराराची एक प्रत स्वतःकडे ठेवा.