सायकलला मोटर लावली तर लायसन्स लागतं का?

सगळं मोटर कुठली यावर आहे. भारतात इलेक्ट्रिक असेल तर मोटर २५० वॅटच्या आत, स्पीड ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असलं तर नियमानुसार ती मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे लायसन्स, नंबर प्लेट, इन्शुरन्स काही नको. वॅट म्हणजे मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती पॉवर, चढावर क्षणभर खेचते ती नाही.

पेट्रोल इंजिनाचं वेगळं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच सूट आहे आणि किटमध्ये मिळणारं इंजिन बहुतेक ४९ किंवा ८० सीसीचं असतं, म्हणजे बसवलं की ती कायद्याने गाडीच झाली, आणि घरी बनवलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन टाइप अप्रूव्हलशिवाय, म्हणजे मॉडेल तपासून मिळणाऱ्या सरकारमान्य मंजुरीशिवाय, जवळपास होतच नाही, मग इन्शुरन्सही नाही, आणि कुणाला धडक बसली तर सगळी भरपाई तुमच्या खिशातून, दंडापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

हजार वॅटचं इलेक्ट्रिक किट घेऊन कंट्रोलरमध्ये (मोटरला किती वीज जाईल ते ठरवणारा डबा) स्पीड लॉक करणारे खूप आहेत, पण मोटरवर १००० छापलेलं दिसतंच ना. २५० वालंच घ्या, आणि आधी ब्रेक बदला, साध्या सायकलचे रबर पॅड तेवढ्या वजनाला पुरत नाहीत.