'हे खरे नाही' म्हणता येणार नाही, असा प्रश्न

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आमदारांसाठी तू लिहून दिलेल्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाला "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही" एवढंच उत्तर आलं. महिनाभराची धावपळ दोन ओळींत संपली, आणि आता तुला वाटतं की यापेक्षा वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून घोषणा दिलेल्या बऱ्या. राग येणं बरोबर आहे. पण तो जरा स्वतःच्या मसुद्यावरही काढ. मंत्री खरं बोलले की खोटं, ते नंतर पाहू. "नाही" म्हणायची सोय त्यांना तूच करून दिलीस.

तुझं वाक्य पुन्हा वाच. "जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये सर्पदंशावरील लस उपलब्ध नसल्याने रुग्णांचे प्रचंड हाल होत असून प्रशासनाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे नागरिकांमध्ये तीव्र संताप आहे, हे खरे आहे काय?" अरे, यात चार दावे आहेत: लस नाही, हाल आहेत, दुर्लक्ष आहे, संताप आहे. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याने जिल्ह्याला विचारलं, त्या दिवशी काही केंद्रांत थोड्या व्हायल (लसीच्या कुप्या) शिल्लक निघाल्या, की पहिला दावा पडला. संताप तर कुठल्या नोंदवहीत नसतोच. "हे खरे नाही" लिहिताना त्या अधिकाऱ्याला खोटं बोलावंही लागलं नाही. आणि तुझे पुढचे तिन्ही उपप्रश्न "असल्यास" या शब्दाने सुरू होतात. पहिला पडला की त्याच्यावर टेकलेले सगळे पडणार.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मंत्र्याला "नाही" म्हणून खाली बसता येईल, असा प्रश्न लिहू नकोस.

"हे खरे आहे काय" ही आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नांची रूढ चाल आहे. ती मोडता येत नसेल तर वापरून घे. पहिल्या उपप्रश्नात तुझा आरोप घालू नकोस, त्यांचाच कागद घाल. "औषध खरेदीसाठी अमुक लेखाशीर्षाखाली इतका निधी वितरित करणारा शासन निर्णय अमुक दिनांकास निर्गमित झाला, हे खरे आहे काय?" याला "होय" खेरीज उत्तर नाही. शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि संगणक सांकेतांक त्या कागदावर छापलेला असतो, तो जसाच्या तसा उतरव. "होय" एकदा मिळालं की "असल्यास" हा शब्द तुझ्या बाजूने काम करू लागतो.

मग पुढे मत विचारू नकोस, आकडा आणि तारीख विचार. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या सहा महिन्यांत त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रात लसीच्या किती व्हायल आल्या, किती वापरल्या, महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्लक किती होती? याच काळात सर्पदंशाचे किती रुग्ण उपचार न करता वरच्या रुग्णालयात पाठवले? जिल्ह्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, पुरवठा आदेश कधी निघाला, माल कधी पोहोचला? या तीन तारखा शेजारी मांडल्या की उशीर कुणाच्या टेबलावर झाला ते तुला वेगळं विचारावंच लागत नाही. "दुर्लक्ष" हा शब्द लिहायचीही गरज उरत नाही.

एक जिल्हा, एक वस्तू, सहा महिने. एवढंच. "राज्यातील सर्व केंद्रांची गेल्या पाच वर्षांची माहिती" मागितलीस की "माहिती संकलित करण्यात येत आहे" हे उत्तर तू स्वतःच लिहून दिलंस. आणि असा आकडा माग, जो त्यांच्याकडे आधीच नोंदलेला आहे. औषधांचा साठा ई-औषधी प्रणालीवर चढवला जातो, म्हणून महिनाअखेरची शिल्लक मागितली तर ती गोळा करायला वेळ हवा असं म्हणता येत नाही. कोणती माहिती कुठल्या नोंदवहीत, कुठल्या प्रणालीत असते, हे ज्याला ठाऊक असतं त्याचाच प्रश्न टिकतो.

विशेषणं काढून टाक. ही माझी आवड नाही, हा नियम आहे. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मत विचारता येत नाही, "असं झालं तर" असा काल्पनिक प्रश्न चालत नाही. आपल्या विधानसभेचे नियमही याच वळणाचे आहेत. "अक्षम्य" आणि "तीव्र" हे शब्द विधिमंडळ सचिवालयात कापले गेले तर बरंच, कारण कधीकधी त्यांच्यासकट आख्खा प्रश्नच अस्वीकृत होतो.

आता पैशाकडे येते, कारण तुझ्या मसुद्यात खर्चाबद्दल एकच ओळ आहे: "शासनाने किती निधी दिला?" "दिला" म्हणजे काय? तीन वेगळे आकडे आहेत आणि मंत्री नेहमी त्यातला सर्वांत मोठा सांगतात. पहिला अर्थसंकल्पित तरतुदीचा, तो फक्त इरादा. दुसरा वितरित निधीचा, म्हणजे वित्त विभागाच्या संमतीने बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवरून खाली उतरलेला. तिसरा प्रत्यक्ष खर्चाचा. हे तिन्ही एकाच प्रश्नात, एकाच तक्त्यात, एकाच तारखेपर्यंतचे माग. एखादा सुटला तर उत्तरात नेमका तोच गाळलेला असतो.

तिसऱ्या आकड्यावरही लगेच विश्वास टाकू नकोस. मार्चअखेर निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्याने रद्द होऊ नये, म्हणून तो स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे पीएलए खात्यात वळवतात. कोषागाराच्या दृष्टीने पैसा खर्च झाला, प्रत्यक्षात एक वस्तूही खरेदी झालेली नसते. महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्याराज्यांत याच गोष्टीवर बोट ठेवत आले आहेत: पीएलए खात्यांतल्या शिलका, न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले), संक्षिप्त देयकांवर, म्हणजे तपशील नंतर देण्याच्या बोलीवर, काढलेल्या आणि तपशीलवार देयकं कधीच न आलेल्या रकमा. म्हणून चौथ्या उपप्रश्नात त्या तक्त्याखाली हेही घाल: "३१ मार्च रोजी यापैकी किती रक्कम स्वीय प्रपंजी लेख्यात शिल्लक होती व किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित होती?" यालाही "नाही" म्हणता येत नाही. शून्य म्हणता येतं, पण मग ते शून्य सभागृहाच्या पटलावर राहतं, आणि पुढच्या लेखापरीक्षण अहवालाशी ताडून पाहता येतं.

लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्च ज्या क्रमांकाखाली नोंदतात तो, चुकवू नकोस. २ आणि ३ ने सुरू होणारी मुख्य शीर्षं महसुली खर्चाची, ४ आणि ५ ची भांडवली, ६ आणि ७ ची कर्जाची. औषधांचा खर्च २२१० मध्ये शोधायचा, रुग्णालयाच्या इमारतीचा ४२१० मध्ये. शीर्ष चुकलं तर "निरंक" असं उत्तर येतं, ते अगदी खरंही असतं, आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत तू हात चोळत बसतोस.

पुरवणी मागण्यांच्या वेळी तर डोळे उघडे ठेव. संविधानाच्या अनुच्छेद २०५ खाली त्या येतात, आणि मूळ तरतूद अपुरी पडली किंवा नव्या सेवेवर खर्च करायची गरज निर्माण झाली, हा त्यांचा आधार. मग विचार की मूळ तरतुदीपैकी आजवर खर्च किती झाला. मूळचीच रक्कम पडून असताना वर पुरवणी मागितली जाते आणि मार्चमध्ये दोन्ही समर्पित होतात, म्हणजे न वापरता परत केल्या जातात, हे लेखापरीक्षणात वारंवार निघतं. मागण्या सभागृहात मांडल्यापासून मतदानापर्यंत मोजके दिवस मिळतात, तेव्हा आपल्या खात्याची पानं त्याच रात्री वाचून काढ. बाकीची सोडून दे, सगळं तुझ्याने होणार नाही.

तू विचारलंस, तारांकित बरा की अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा? माझ्या पिढीने ताऱ्यामागे धावण्यात वर्षं घालवली आणि ती चूक होती, हे मी आता मोकळेपणाने म्हणते. तारांकितला पूरक, म्हणजे उत्तरावर तिथेच उलट विचारायचे, प्रश्न विचारता येतात, कॅमेरा असतो, मतदारसंघात चित्रफीत फिरते. पण लोकसभेत दिवसाला २० तारांकित असतात आणि त्यातले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. अतारांकित रोज २३० पर्यंत असतात, त्यांची लेखी उत्तरं पटलावर येतात, सोबत तक्ते येतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात संसदेत प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही. तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं मिळत राहिली. आधी अतारांकितने आकडा काढून घे, मग तोच आकडा पुढच्या अधिवेशनात तारांकितचा पहिला उपप्रश्न कर. सरकारचंच उत्तर हातात असलं की मंत्री "नाही" कुणाला म्हणणार?

लोक म्हणतात, हे कारकुनी काम आहे, यात लोकांचं दुःख कुठे दिसतं. मला हे ऐकून चीड येते. १८९२ च्या कायद्याने इंग्रजी अमदानीतल्या कायदे कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण पूरक प्रश्न नाही. तो १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला मिळाला, आणि सगळ्या सभासदांना १९१९ च्या सुधारणांनंतर. गोखले १९०२ साली अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले तेव्हा हातात मतदान नव्हतं, पूरक प्रश्नही नव्हता. त्यांनी सरकारच्याच हिशेबातल्या शिलकेवर बोट ठेवून विचारलं की दुष्काळाने पिचलेल्या लोकांवर मिठाचा कर चालू असताना ही शिल्लक कसली? लोकांचं दुःख त्या आकड्यांतच होतं. आणि मुंद्रा प्रकरण? आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंद्रांच्या सहा कंपन्यांत सुमारे १ कोटी २४ लाख रुपये घातले होते. खासदार फिरोज गांधींनी १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत ते उलगडलं ते व्यवहारांचे तपशील हातात घेऊन. न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. तिथे नुसती घोषणा दिली असती, तर तिला "नाही" म्हणणं किती सोपं होतं!

वेलमध्ये उतरायचा विचार म्हणूनच सोड. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात तहकूब झाला की सर्वांत हलका श्वास त्या मंत्र्याचा सुटतो, ज्याचा प्रश्न त्या दिवशी पहिल्या पाचांत असतो.

पूरक प्रश्नांबद्दल थोडं. आमदारांना दोनच लिहून दे, आणि प्रत्येक एका श्वासात संपणारा. प्रस्तावना नको, मतदारसंघाचं वर्णन नको. तीन भाग असलेला पूरक विचारला की मंत्री त्यातला सोपा भाग उचलतात. उत्तर काय येईल याच्या दोन शक्यता धरून दोन कागद तयार ठेव. मंत्री "तपासून घेऊ" म्हणाले, तर दुसरा पूरक एवढाच: "किती दिवसांत?" तारीख किंवा शब्द मिळाला की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीच्या पाठपुराव्यात जातं. लोकसभेत आश्वासनाच्या पूर्ततेसाठी तीन महिने धरले आहेत. समितीकडे नोंद झाली का, ते तू पाहायचं. दुसरं कुणी पाहणार नाही.

आणखी एक, आणि यात मला कुठलीही ढिलाई चालणार नाही. कुणी तयार प्रश्न आणून दिला तर आधी विचार की याचं उत्तर कुणाला हवं आहे. एखादा ठेकेदार प्रतिस्पर्ध्याला अडवायला प्रश्न टाकून घेतो, आणि खाली सही तुझ्या आमदारांची असते. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १, अशा ११ खासदारांना सदस्यत्व गमवावं लागलं. जो कागद तू स्वतः शोधून वाचलेला नाहीस, त्यावर प्रश्न लिहू नकोस, मग आणून देणारा कितीही जवळचा असो.

तुझा मसुदा सोबत परत पाठवते आहे. पहिला उपप्रश्न पूर्ण खोडला आहे, तिथे शासन निर्णयाचा क्रमांक तू भरायचा आहेस. तिसऱ्यात "हाल" च्या जागी वर पाठवलेल्या रुग्णांची संख्या घातली आहे. चौथ्यात तीन रकान्यांचा तक्ता आखून दिला आहे, लेखाशीर्ष रिकामं सोडलंय, ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकातून स्वतः शोध. सूचना द्यायची शेवटची तारीख पाहून ठेव आणि त्याआधी चार दिवस मला पाठव, म्हणजे बीम्सवरचा आकडा दोघांनी एकदा ताडून पाहू.

तुझी,
ताई